पलीकडच्या काठाचा बिशप

दिवाडी बेटावरून नार्व्याला नेणारी फेरीबोट धक्क्याला लागते, तेव्हा तिचा लोखंडी पत्रा उतारावर घासत खाली येतो आणि त्या आवाजाने बोटीत पेंगुळलेले सगळे एकदम सावध होतात. मागच्या श्रावणात मी आणि पत्नी त्या बोटीत कठड्याला धरून उभे होतो. दोन मोटारी, सात-आठ दुचाक्या, सायकलच्या मागे पावांची करंडी बांधलेला पोदेर आणि टोपलीत सुंगटे घेऊन निघालेली एक बाई, एवढाच काय तो ऐवज. नदी पावसाने गढूळ झालेली, दोन्ही काठांवर खारफुटी, मागे वळून पाहिले तर दिवाडीच्या टेकडीवरचे पांढरे चर्च. पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ आला. एका दमात ओलांडावी इतकी ती नदी अरुंद आहे, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत तीच नदी दोन राज्यांची सरहद्द होती, हे मला माहीत असूनही तोवर डोळ्यांना कधी जाणवले नव्हते.

आम्ही निघालो होतो सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, आणि त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी तिसवाडीतली देवळे पाडली त्यात तेही गेले. देवाचे लिंग विहिरीच्या कामाला लावले होते आणि ते नारायण शेणवी सूर्यराव यांनी रातोरात नदीपार नेऊन नार्व्याला ठेवले, अशी कथा गोव्यात सांगतात. नदीच्या त्या अंगाला विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता, म्हणून देव तिकडे सुरक्षित होता. पुढे शिवाजी महाराजांनी त्या देवळाचे काम नव्याने सुरू करविले. शके १५९०, म्हणजे इसवी सन १६६८ मधला तो शिलालेख दारावर आजही आहे. शाळेत असल्यापासून ही गोष्ट मी ऐकत आलो आहे. जी ऐकली नव्हती आणि फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात हाती लागली, ती अशी की देवापाठोपाठ काही दशकांनी दिवाडीचा आणखी एक रहिवासी तसाच नदी ओलांडून आदिलशाहीत आसऱ्याला गेला, आणि तो कॅथलिक बिशप होता.

त्याचे नाव मातेउस दि कास्त्रो. घराण्याचे मूळ आडनाव महाले. जन्म १५९४ च्या सुमारास, दिवाडीवरच्या नावेली गावात, बाटून ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात. १५६० च्या आगेमागे दिवाडीवर घाऊक धर्मांतरे झाली होती, तेव्हा त्याच्या लहानपणी बेटावर असे अनेक वृद्ध हयात असणार ज्यांनी जुने देऊळ उभे असलेले पाहिले होते किंवा निदान पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकले होते. तो मुलगा मात्र नव्या धर्मात जन्मला, त्यातच वाढला, आणि त्या धर्मावर त्याची निष्ठा अखेरपर्यंत अढळ राहिली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्याचे पुढचे आयुष्य बघून ‘आतून हिंदूच राहिलेला’ असा त्याचा अर्थ लावायचा मोह आपल्याकडच्या वाचकाला होतो, मलाही झाला होता, आणि तो अर्थ साफ चुकीचा आहे.

बार्देशातल्या रेइश मागूशला फ्रान्सिस्कनांचे विद्यालय होते, तिथे तो शिकला. लॅटिन शिकला, पोर्तुगीज तर येतच होती. पुढची पायरी धर्मगुरू होण्याची. ती मात्र त्याला नाकारण्यात आली. गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप क्रिस्तोवाव दि सा इ लिस्बोआ त्याला दीक्षा द्यायला तयार झाले नाहीत. स्थानिक ख्रिस्त्यांपैकी कोणी धर्मगुरू होतच नव्हते असे मात्र नाही. लोकांचे पापनिवेदन कोकणीतून ऐकायला कोकणी जाणणारा माणूस लागे, म्हणून काही ब्राह्मण ख्रिस्त्यांना दीक्षा मिळे. पण ते बहुधा कोणातरी युरोपियन पाद्रीच्या हाताखाली राहत, आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट या संघांची दारे त्यांना जवळजवळ बंदच होती. जेझुइटांनी सोळाव्या शतकात पेरो लुईस या एका ब्राह्मणाला संघात घेतले होते, त्यानंतर मात्र त्यांनीही दार लावून घेतले. ज्या सुमारास गोव्यातल्या सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचून १६१६ मध्ये छापवून घेत होते, त्याच सुमारास ती भाषा आईच्या पोटातून घेऊन आलेल्या मुलाला धर्मगुरू होण्यास अपात्र ठरवले जात होते. चर्चला भाषा हवी होती, ती बोलणारा मात्र आपल्या पंगतीला नको होता.

दुसरा कोणी असता तर शेताभाताकडे वळला असता किंवा एखाद्या चर्चमध्ये प्रार्थना शिकवत राहिला असता. कास्त्रोने रोमची वाट धरली. १६२१ च्या सुमारास तो निघाला आणि १६२५ मध्ये पोचला. गोव्याहून युरोपला जायचा सरळ रस्ता म्हणजे लिस्बनची गलबते, आणि ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन जायचे त्यांच्याच गलबतात त्याला कोण घेणार? म्हणून तो खुष्कीने इराणमार्गे गेला, वाटेत कार्मेलाईट साधूंकडे राहिला, जेरुसलेमही त्याने पाहिले. ना पैसा, ना पद. पंचविशी उलटलेला, धोतरातून झग्यात आलेल्या पिढीचा नातू, त्या वाटेने चालत गेला असेल तेव्हा त्याच्या मनात काय असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. मला वाटते, सगळ्यांत जास्त राग असेल. श्रद्धा होतीच, पण नुसत्या श्रद्धेने माणूस चार वर्षे चालत नाही.

तो पोचला ती वेळ मात्र त्याच्या नशिबाने अचूक निघाली. १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी ‘प्रोपागांडा फिदे’ हे नवे खाते उघडले होते. धर्मप्रसाराचा कारभार राजांच्या हातून काढून रोमच्या हाती आणायचा, हा त्याचा हेतू. त्याचे पहिले चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे जगभरच्या मिशनांची गाऱ्हाणी बारकाईने गोळा करणारे गृहस्थ होते, आणि स्थानिक धर्मगुरू तयार झाल्याशिवाय कुठल्याही देशात चर्च रुजणार नाही, हे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्यापुढे गोव्याहून एक तरुण येऊन उभा राहिला, लॅटिन बोलणारा, धर्माचा अभ्यासू, आणि पोर्तुगिजांनी नाकारलेला. इंगोलींना याहून चांगला पुरावा कुठून मिळणार होता? त्यांनी त्याला हाताशी धरले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा रीतसर अभ्यास करून १६३० च्या सुमारास कास्त्रो रोममध्ये धर्मगुरू झाला.

इथून पुढची गोष्ट कागदांची आहे, आणि कागदांबद्दल मला थोडे अधिकाराने बोलता येते. माझी नोकरीची एकतीस वर्षे सरकारी कचेरीत गेली, त्यांतली बरीचशी आवक-जावकीच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख आणि नोंदवहीतला क्रमांक पडला की तो कागद अस्तित्वात आला. त्याआधी तो असून नसल्यासारखा. माझ्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा एक कागद एकदा दुसऱ्या एका कचेरीतून परत आला होता. सही खरी, शिक्का खरा, मजकूर बिनचूक. तिथल्या साहेबांनी मला शांतपणे सांगितले, “कागद खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तो थ्रू प्रॉपर चॅनल आलेला नाही.” तो कागद प्रॉपर चॅनलने फिरून येईपर्यंत पुढची दोन वर्षे गेली. वडील त्या दोन वर्षांत पोस्टमनची सायकल वाजली की उठून दारात जात.

पोर्तुगिजांचा ‘पाद्रुआदो’ म्हणजे सतराव्या शतकातला प्रॉपर चॅनल. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा पालक नेमले होते. चर्च बांधायची, पाद्री पाठवायचे, त्यांचा खर्च सोसायचा, आणि मोबदल्यात बिशप कोण असावा हे सुचवायचे. व्यवहार चोख होता. पण पालकाने हळूहळू असे धरून चालायला सुरुवात केली की पोपचा कुठलाही हुकूम आशियात जायचा तर तो लिस्बनच्या दरबारातून, राजाची संमती घेऊनच गेला पाहिजे. त्या दारातून न आलेला कागद गोव्यात कोणी उघडायचा नाही. पोप पृथ्वीवरचा ख्रिस्ताचा प्रतिनिधी खरा, पण मांडवीच्या मुखाशी त्याच्या सहीला लिस्बनची प्रतिस्वाक्षरी लागे.

कास्त्रो १६३३ मध्ये रोमचे कागद घेऊन गोव्यात परतला तेव्हा नेमके हेच झाले. हे अधिकार याने लबाडीने मिळवले असावेत, लिस्बनहून त्याची काही खबर नाही, अशी टाळाटाळ सुरू झाली. ज्या गावातून तो धर्मगुरू होण्यास नालायक ठरून गेला होता, तिथे धर्मगुरू होऊन आलेल्या माणसाला बसायला पाट मिळाला नाही. तो पुन्हा रोमला गेला. प्रोपागांडाने या वेळी एक वेगळी युक्ती काढली. १६३७ मध्ये कास्त्रोला बिशप केले, तेही गाजावाजा न करता. कारण पोर्तुगालचा राजा त्या वेळी स्पेनचाही राजा होता आणि त्याला दुखवणे रोमला परवडणारे नव्हते.

बिशप कुठला? गोव्याचा नव्हे, ती गादी राजाच्या सूचनेची. त्याला क्रिसोपोलिसचा बिशप केले. चर्चच्या जुन्या वहीत अशी अनेक गावे होती, जिथे कधीकाळी बिशप होते आणि आता ख्रिस्ती माणूसही उरला नव्हता. ज्याला बिशपपद द्यायचे पण धर्मप्रांत देता येत नाही, त्याला असल्या गावाचे नाव देत. क्रिसोपोलिसचा ग्रीक अर्थ सोन्याचे शहर. पोर्तुगीज लोक तेव्हा आपल्या गोव्यालाही सोन्याचे म्हणत. खऱ्या सोनेरी शहरात ज्याला उंबरा ओलांडू देत नव्हते, त्याला रोमने नकाशावरून पुसलेले सोन्याचे शहर बहाल केले. हा विनोद त्या खात्यातल्या कुणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. कचेरीत असे विनोद आपोआप होत असतात.

नावाचे गाव कागदावरचे असले तरी कामाचा मुलूख खरा होता. पोपचा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिक, म्हणून त्याला ‘इदलकान’ची जबाबदारी दिली गेली. इदलकान हा आदिलखानाचा पोर्तुगीज अपभ्रंश. थोडक्यात, विजापूरचे राज्य. मेख अशी की पाद्रुआदोचा हक्क पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या मुलखापुरताच चालावा, जिथे पोर्तुगालचे राज्य नाही तिथे पोपचा माणूस थेट काम करू शकतो, असे प्रोपागांडाचे म्हणणे होते. लिस्बनला हे अर्थातच मान्य नव्हते. कास्त्रो पुन्हा इराणमार्गे परतला आणि त्याने ठाण मांडले ते डिचोलीत. गोव्याच्या सरहद्दीला लागून, पण आदिलशाहीत. तिथून नार्वे जवळ, आणि नार्व्याच्या काठावर उभे राहिले की समोर दिवाडी.

एक मुसलमान सुलतान आपल्या राज्यात कॅथलिक बिशपला राहू देतो आणि कॅथलिक राजाचे अधिकारी त्याला येऊ देत नाहीत, यात आपल्याला वाटते तितके आश्चर्य त्या काळच्या माणसाला वाटले नसावे. पोर्तुगिजांना खुपणारा माणूस हाताशी असणे मुहम्मद आदिलशहाच्या सोयीचेच होते. डिचोलीला बसून कास्त्रोने आपल्या लोकांपैकी काहींना दीक्षा दिली. ज्या हाताला दीक्षा नाकारली होती तोच हात आता इतरांच्या मस्तकावर ठेवला जात होता, आणि बिशप असल्याने ती दीक्षा चर्चच्याच नियमांनी खरी ठरत होती. गोव्याच्या अधिकाऱ्यांना कास्त्रोच्या शब्दांपेक्षा हेच जास्त झोंबले असणार. रागावलेला माणूस बोलतो आणि विसरला जातो, पण त्याने दीक्षा दिलेला पाद्री पुढची चाळीस वर्षे मिस्सा करीत राहतो. त्यांनी या नव्या धर्मगुरूंना मानायचे नाकारले, आणि बिशपचे अधिकारपत्रही संशयास्पद ठरवले.

नावे ठेवण्यात मोठमोठे लोक होते. हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या, चर्चचे पाट्रिआर्क अफोन्सो मेंदिस हे जेझुइट, तिथल्या राजाने हाकलून दिल्यावर गोव्यात येऊन राहिले होते. त्यांनी कास्त्रोचा उल्लेख ‘उघड्या बुडाचा काळा’ अशा अर्थाच्या शिवीने केलेला आहे. एका पदच्युत धर्मश्रेष्ठाने दुसऱ्या, पदावर बसू न दिलेल्या धर्मश्रेष्ठाला दिलेली ही शिवी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. शिवीचा मला फारसा धक्का बसला नाही, शिव्या सगळ्याच शतकांत देतात. धक्का याचा बसला की दोघांचा देव एक, दोघांची मिस्सा एक, दोघांची भाषा लॅटिन, आणि तरीही एकाला दुसऱ्यात आधी दिसले ते उघडे बूड.

मधल्या वर्षांतली त्याची धावपळ थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुन्हा रोम. मग १६४५ मध्ये हबसाणच्या मिशनची जबाबदारी, तांबड्या समुद्रापर्यंतचा प्रवास, आणि आत शिरता न आल्याने परत. मग आग्र्याला मोगल दरबारापर्यंत मजल, तिथल्या जेझुइटांशी भांडण. वेंगुर्ल्याला वखार घातलेल्या डच लोकांशी त्याचे सूत असल्याचा संशय पोर्तुगीज घेत असत. डच म्हणजे प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक बिशपच्या दृष्टीने पाखंडी. पण डिचोलीच्या अंगणातून पाहिले तर गोव्याचे कॅथलिक त्याला अधिक परके वाटत असतील, तर त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

१६५३ मध्ये त्याने गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून एक लिखाण केले. नाव ‘एश्पेल्यु दुश ब्रामनिश’, ब्राह्मणांचा आरसा. पोर्तुगीज पाद्री तुम्हाला कसे वागवतात ते या आरशात बघा, तुमच्या विद्येची, कुळाची, योग्यतेची कशी अवहेलना होते ते बघा, आणि हे निमूट सोसू नका, असा त्याचा रोख होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ते राजद्रोहाचे चिथावणीपत्र ठरवले, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर ते तसे होतेही.

या आरशापाशी मला थांबावे लागते, कारण इथे माझी कास्त्रोविषयीची सहानुभूती अडखळते. मी त्याच्या बाजूने इथवर आलो. नालायक ठरवून हाकललेला मुलगा, चार वर्षांची पायपीट, परत आलेले कागद, हे सगळे वाचताना वडील डोळ्यांपुढे येत होते. पण आरसा कोणासाठी आहे, तर ब्राह्मणांसाठी. चारडो ख्रिस्ती, म्हणजे स्वतःला क्षत्रिय म्हणवणारे, गोव्यात थोडे नव्हते, शूद्र ख्रिस्ती तर संख्येने पुष्कळच. त्यांच्या मुलांनी धर्मगुरू व्हावे की नाही याची चिंता या आरशात नाही. पोर्तुगिजांनी आपल्याला आपल्या कातडीवरून जोखले, याचा त्याला मनस्वी संताप आहे. त्या संतापाच्या तळाशी ‘आम्ही कोण आहोत हे यांना कळत नाही’ ही जातीची जुनी खंतही आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव बदलले, देव बदलला, पण घरचा चौथरा आणि अंगण होते त्याच उंचीवर राहिले. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात पुढे दोन-अडीचशे वर्षे ब्राह्मण आणि चारडो यांनी एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले, संघ काढले, पदांवरून तंटे केले. त्या तंट्याची एक ठिणगी या आरशातही चमकते.

म्हणून काय तो खोटा ठरतो? मी यावर पुष्कळ घोटाळलो आहे. आमच्या कचेरीतही मी असे लोक पाहिले आहेत, ज्यांना वरच्या साहेबाने केलेला अपमान जन्मभर ठसठसत राही आणि आपण शिपायाला कसे हाक मारतो ते मात्र ऐकू येत नसे. त्यांची तक्रार खरीच असे. मी त्या तक्रारी वहीत चढवल्या आहेत, त्यांना क्रमांक दिले आहेत. शिपायाच्या बाजूने मात्र एकही कागद कधी आवक झाला नाही. कास्त्रोचे गाऱ्हाणे मला असेच दिसते. अर्जदाराला न्याय मिळायलाच हवा होता, पण अर्जात एकाच घराचा उल्लेख होता.

आणि गंमत अशी की ज्या १६५३ मध्ये हा देशी बिशप लोकांना पोर्तुगिजांविरुद्ध उठवतो म्हणून बोंब चालली होती, त्याच वर्षी गोव्यातल्या पोर्तुगिजांनी स्वतःच आपला व्हाइसरॉय, ओबिदोसचा काउंट, पदावरून खाली खेचला आणि ब्रास दि कास्त्रो नावाच्या फिदाल्गोने, म्हणजे सरदाराने, कारभार बळकावला. आडनावाशिवाय या दोन कास्त्रोंचा काही संबंध नाही. राजाने नेमलेल्या माणसाला त्याच्याच सरदारांनी घरी बसवले, त्याला सत्तापालट म्हणायचे, आणि महाल्यांच्या मुलाने आरसा दाखवला त्याला राजद्रोह. पुढच्या वर्षी, १६५४ मध्ये, आदिलशाही फौजा बार्देश आणि सासष्टीत घुसल्या. त्यामागे कास्त्रोची चिथावणी होती, हा आरोप त्याच्या नावाला कायमचा चिकटला. फौजा परतल्या, गोव्याची गादी जागच्या जागी राहिली, आणि डिचोलीच्या बिशपला पुढे काही करण्याजोगे उरले नाही.

१६५८ मध्ये तो शेवटचा रोमला गेला आणि परत आला नाही. साठी उलटलेली होती. प्रोपागांडाने त्याला रोममध्येच ठेवून घेतले. १६७७ मध्ये, ऐंशी ओलांडून, तो तिथेच वारला. आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षे तो ज्या शहरात होता, तिथे त्याचे बिशपपद कोणी नाकारत नव्हते, आणि तिथे त्याच्या बिशपपदाची कोणाला गरजही नव्हती.

त्या काळात रोममध्ये त्याच्या अवतीभोवती जे चालले होते ते बघण्यासारखे आहे. १६५८ मध्ये चीन आणि इंडोचीनकडे जाण्यासाठी पाल्यू आणि लांबेर दि ला मोत या फ्रेंचांची व्हिकर अपोस्टोलिक म्हणून नेमणूक झाली. विजापूरच्या सरहद्दीवर कास्त्रोवर जी तरकीब आजमावून पाहिली, तीच आता मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतली होती. पुढच्याच वर्षी प्रोपागांडाने त्यांना प्रसिद्ध सूचनापत्र दिले: लोकांच्या चालीरीती बदलायला जाऊ नका, फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेणे याहून मोठा वेडेपणा कोणता, तिथे श्रद्धा न्या आणि तिथल्याच लोकांतून धर्मगुरू घडवा. चीनचा पहिला देशी बिशप लुओ वेनझाओ १६८५ मध्ये अभिषिक्त झाला. कास्त्रोला हे बघायला मिळाले नाही. केरळात १६६३ मध्ये पारंबिल चांडी हे सिरियन ख्रिस्त्यांचे देशी बिशप झाले, ते मात्र त्याच्या हयातीत.

त्याच्या पाठीमागे डिचोलीची गादी कुस्तोदियो दि पिन्यु या गोवेकराकडे आली, आणि मातेउसचा पुतण्या तोमास दि कास्त्रो मंगळूरकडच्या मुलखाचा व्हिकर अपोस्टोलिक झाला. १६८१ मध्ये गोव्याच्या धर्मप्रांताने त्याच मुलखात आपला माणूस म्हणून कोणाला धाडले, तर फादर जुझे वाझ यांना. तेही गोव्याचे, तेही ब्राह्मण ख्रिस्ती, पुढे श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळाले तेच. रोमचा कागद एका गोवेकराच्या हाती, लिस्बनचा कागद दुसऱ्या गोवेकराच्या हाती, आणि कानडी मुलखातल्या एखाद्या चर्चमध्ये मिस्सा कोणाच्या हुकमाने करायची यावर दोघे समोरासमोर. मातेउसने जन्मभर ज्या भांडणात धाव घेतली, ते आता युरोपियनांनी न लढताही चालू शकत होते.

मी मुंबईचा. या गोष्टीचा एक धागा आमच्या शहराकडे येतो हे कळले तेव्हा मी थोडा चकितच झालो. विजापूरचा तो व्हिकारिएट, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिकच्या हाताखालचा मुलूख, पुढे १६६९ मध्ये ‘ग्रेट मोगल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज पाद्र्यांना घालवले आणि तिथली चर्चे त्या व्हिकारिएटच्या कार्मेलाईटांकडे सोपवली. आजचा मुंबईचा महाधर्मप्रांत आपली वंशावळ त्या व्हिकारिएटपासून, म्हणजे डिचोलीपासून मोजतो. वारसा आला तसे भांडणही आले. मुंबईत काही चर्चे पाद्रुआदोची आणि काही प्रोपागांडाची, असा दुहेरी कारभार तब्बल १९२८ पर्यंत चालला. तो मिटवताना तोडगा असा निघाला की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे आधी लिमा आले, मग रॉबर्ट्स. देशी माणसाचा या पाळीत कुठे नंबरच नव्हता. १९५० मध्ये रॉबर्ट्स स्वतःहून बाजूला झाले आणि वलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. खुद्द गोव्याच्या गादीवर गोवेकर आर्चबिशप, राउल गोन्साल्विस, बसले ते १९७८ मध्ये. दिवाडीच्या मुलाला रोमने बिशप केल्याला तेव्हा ३४१ वर्षे झाली होती.

नार्व्याला देवळात गर्दी नव्हती. शिलालेख बघून झाला, पत्नीने ओटी भरली, आणि आम्ही रिक्षाने डिचोलीच्या बाजारात गेलो. मला उगीचच वाटत होते की त्या बिशपची काही खूण, निदान एखादी पाटी, तिथे असेल. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारले की इथे डिचोलीत पूर्वी बिशप राहायचा म्हणतात, ती जागा कुठे आली. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या कपाळावरच्या देवळातल्या गंधाकडे पाहिले, आणि चूक दुरुस्त करावी तसे सावकाश सांगितले, “बिशप हांगा ना. बिशप पणजे रावता, आल्तिनार.” मी मान डोलावली. चहा संपवला. पाऊस पुन्हा भरून आला होता, म्हणून परतीच्या फेरीबोटीसाठी आम्ही घाईनेच निघालो.